औषधांच्या खिचडीला स्वदेशीचा टिळा

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ संयुक्त औषधांचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली. वृत्तपत्रांनी एक दिवस मथळे दिले, वाहिन्यांनी अर्धा तास चर्चा केली आणि विषय संपला. त्या यादीतले एक मिश्रण मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. ट्रामाडॉल हे अफूच्या कुळातले वेदनाशामक, त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल, त्यावर कॅफिन आणि सर्वांत शेवटी टॉरीन. महाविद्यालयीन मुले डब्यातून पितात त्या उत्तेजक पेयांत असते तेच हे टॉरीन. दुखण्याने कण्हणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग, हे रुग्णाला ठाऊक नव्हते. लिहून देणाऱ्या डॉक्टरांपैकी किती जणांना ठाऊक होते, हाही प्रश्नच आहे. तरीही या मिश्रणाला आपल्या देशात बाजार मिळाला, हे वास्तव आहे.

दोन किंवा अधिक औषधे ठरावीक मात्रेत एकाच गोळीत, कॅप्सूलमध्ये किंवा बाटलीत एकत्र करणे, याला संयुक्त औषध म्हणतात. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात आज अशी किमान दोन-चार तरी सापडतील. अशा औषधांवर बंदीची भाषा निघाली की आपल्याच वर्तुळातून एक सूर हमखास उमटतो. भारतीय कंपन्यांनी परदेशी कंपन्यांची मक्तेदारी मोडली, भारत जगाचे औषधालय झाला, ते अनेकांच्या डोळ्यांत खुपते आणि म्हणूनच आपल्या औषधांवर बालंट आणले जाते, असा तो सूर असतो. या युक्तिवादातला पूर्वार्ध शंभर टक्के खरा आहे. उत्तरार्ध मात्र फसवा आहे, आणि स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनीच तो सर्वांत आधी फेटाळला पाहिजे.

पूर्वार्ध खरा का, हे आधी पाहू. अनेक औषधे एकत्र देणे ही मुळात विसाव्या शतकातील वैद्यकाची थोर उपलब्धी आहे. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्ण सुधारत होते. पण काही महिन्यांतच अनेकांच्या शरीरातील जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. मग स्ट्रेप्टोमायसिनसोबत पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल दिले गेले आणि प्रतिकार निर्माण होण्याचे प्रमाण झपाट्याने घटले. कारण सोपे आहे. कोट्यवधी जंतूंमध्ये एका औषधाला दाद न देणारे काही निघतातच. पण दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू निघणे अत्यंत दुर्मिळ. एकाच्या हातून सुटलेल्याला दुसऱ्याने गाठायचे, हे त्यामागचे शास्त्र.

या शास्त्रात भारताचा वाटा लहान नाही. मद्रासमधील क्षयरोग औषधोपचार केंद्रात १९५६ पासून झालेल्या अभ्यासाने जगाची समजूत बदलली. आयसोनियाझिड आणि पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल ही दोन औषधे घेणारा गरीब रुग्ण आपल्या दाटीवाटीच्या घरात राहूनही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होऊ शकतो, हे १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनी दाखवून दिले. स्वच्छ हवा, चौरस आहार, महिनोन्‌महिने विश्रांती हे श्रीमंती उपचार परवडत नसलेल्या देशाला तो मोठा आधार होता. कुष्ठरोगाचेही तसेच. केवळ डॅप्सोनवर आयुष्य काढणाऱ्या रुग्णांना, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या बहुविध औषधोपचाराने, म्हणजे रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमीन यांच्या जोडणीने, ठरावीक मुदतीत रोगमुक्त केले. आणि २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरची तीन औषधे एका गोळीत आणून दिवसाला एक डॉलरहूनही कमी दरात देऊ केली. पाश्चात्त्य देशांत त्या तीन औषधांची एकस्वे वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती. त्यामुळे तिथे ती एका गोळीत येण्याचा मार्गच अडलेला होता. आफ्रिकेतील असंख्य माणसे त्या भारतीय गोळीमुळे जगली. याचा अभिमान बाळगायचा नाही, तर कशाचा बाळगायचा?

पण या प्रत्येक उदाहरणात एक अट पाळलेली दिसते. जोडणीतील प्रत्येक औषध स्वतःचा भार उचलते, आणि एकत्र दिल्याने रुग्णाचा अधिक लाभ होतो, हे आधी सिद्ध झाले. गोळी नंतर आली. आपल्या बाजारात आज जी खिचडी शिजते आहे तिथे क्रम नेमका उलटा आहे. गोळी आधी येते. सिद्धता वीस वर्षांनी न्यायालयात मागितली जाते, आणि तीही सादर होतेच असे नाही.

खोकल्याचे औषध घ्या. छातीत साचलेला कफ पातळ करून बाहेर काढायचा, तर रुग्णाला खोकला आला पाहिजे. ब्रोमहेक्सीन किंवा ॲम्ब्रोक्सॉल हे कफ सोडवणारे घटक. डेक्स्ट्रोमेथॉर्फन खोकल्याची उबळच दाबतो. क्लोरफेनिरामीन स्राव सुकवतो आणि गुंगी आणतो. हे परस्परविरोधी घटक एकाच बाटलीत घालणारी सरबते या देशात वर्षानुवर्षे विकली गेली. बैलगाडीला एक बैल पुढे आणि एक मागे जुंपावा, तसा हा प्रकार. मूल शांत झोपले म्हणजे औषध लागू पडले, असे आईला वाटते. ते गुंगीने झोपलेले असते.

सर्दीच्या गोळ्यांची कथा याहून रंजक. त्यांतील बहुतेकींत नाक मोकळे करण्यासाठी फेनिलेफ्रिन असते. पोटातून घेतलेले फेनिलेफ्रिन नाक चोंदण्यावर परिणामकारक नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने काढला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने ते यादीतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे मात्र ‘सर्दीची गोळी’ म्हटली की तेच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश दिला. पुढे काय झाले? सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील बहुतेक पाच वर्षांच्या आतील होती. अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले गेले होते. त्यांचा जीव घेतला तो सरबतात मिसळलेल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषाने, मिश्रणाने नव्हे, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. पण ते विष ज्या बाटलीतून पोटात गेले ती पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामीन यांच्या मिश्रणाचीच होती. साध्या सर्दी-खोकल्यासाठी इतक्या लहान मुलांच्या तोंडाला ती लागायलाच नको होती.

आता जुलाबांकडे येऊ. घरातल्या मुलाला हगवण लागली की ओफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल यांचे मिश्रण देण्याची पद्धत गावोगावी रूढ आहे. पहिले जिवाणूंसाठी, दुसरे अमीबासाठी. कोणता शत्रू आहे हे पाहण्याची तसदी नको म्हणून दोन्हीकडे गोळीबार. लहान मुलांचे जुलाब बहुतांशी विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर ही दोन्ही औषधे निष्प्रभ आहेत. त्या मुलाला हवे असते मीठ, साखर आणि पाणी योग्य प्रमाणात, सोबत जस्ताची गोळी. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचे द्रव संपल्यावर हेच पाणी पिंपांतून पाजले आणि मृत्यूचे प्रमाण खाली आणले. देशाने त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण दिले. एका भारतीय वैद्याने जगाला दिलेली ही संजीवनी बाजूला ठेवून आपण दोन प्रतिजैविकांची पट्टी विकत घेतो आणि वर स्वदेशी उद्योगाच्या गप्पा मारतो!

सर्वांत मोठी नामुष्की मात्र त्वचेच्या मलमांनी आणली आहे. गजकर्ण, नायटा हे बुरशीचे जुने, साधे दुखणे. पूर्वी एका बुरशीनाशकाने ते काही आठवड्यांत जात असे. मग बाजारात क्लोबेटॅसॉल हे अतितीव्र स्टेरॉइड, एक-दोन प्रतिजैविके आणि एक बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे आली. स्टेरॉइड लावताच खाज आणि लाली दोन दिवसांत जाते. रुग्ण खूश, दुकानदार खूश. पण तेच स्टेरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती झोपवते, बुरशी आतल्या आत पसरते, कातडी पातळ होते. मलम थांबवताच दुखणे दुप्पट वेगाने उसळते आणि माणूस पुन्हा त्याच मलमाकडे धावतो. एकाच पंचाने अंग पुसणाऱ्या कुटुंबात ते सगळ्यांना होते. अर्धवट मारा सोसून तगलेली बुरशी अधिक निबर झाली. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने आरडाओरडा केल्यावर २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत आली. परंतु तोवर उशीर झाला होता. टर्बिनाफिन या प्रमुख औषधाला न जुमानणारी एक बुरशी जपानमधील संशोधकांना तिथे राहणाऱ्या एका भारतीय व एका नेपाळी रुग्णात आढळली. २०२० मध्ये तिचे नामकरण झाले ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिए’. नावातच आपला देश. आज ती अनेक खंडांत पोहोचली आहे.

२०१० मध्ये एका प्रतिजैविकरोधक विकराचे ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ हे नाव जगभर गाजले तेव्हा संसदेत संतापाचा उद्रेक झाला होता. राजधानीचे नाव रोगाला चिकटवणे गैर होते, हा संताप रास्त होता. पण नावावर रागावताना कारणावर रागावायचे आपण विसरलो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००७ ते २०१२ या काळात भारतात विकल्या गेलेल्या ११८ संयुक्त प्रतिजैविकांपैकी ७५ ना केंद्रीय नियामकाची मान्यताच नव्हती. घर झाडायचे सोडून, शेजाऱ्याने कचऱ्याला आपले नाव का दिले म्हणून भांडत बसणाऱ्या माणसाला आपण काय म्हणू?

हे सारे घडते कसे? मंजुरीशिवाय औषध बाजारात येतेच कसे? उत्तर कायद्याच्या फटीत आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार उत्पादनाचा परवाना राज्य देते आणि नव्या औषधाला मान्यता केंद्र देते. १९८८ पासून नवे मिश्रण हे ‘नवे औषध’ मानले जाते, म्हणजे केंद्राची मान्यता अनिवार्य. प्रत्यक्षात अनेक राज्यांच्या परवाना अधिकाऱ्यांनी ती न पाहताच परवाने वाटले. मे २०१२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपल्या ५९ व्या अहवालात या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. वेगवेगळ्या शहरांतील तज्ज्ञांनी औषधाच्या बाजूने दिलेली मते शब्दशः सारखी कशी, असा प्रश्न तिने विचारला. फ्लुपेंटिक्सोल आणि मेलिट्रासेन यांचे मानसविकारांवरचे मिश्रण ज्या डेन्मार्कमधून आले, तिथेच ते विकायला परवानगी नाही, हेही तिनेच दाखवून दिले. परदेशी कंपनीला भारतीय माणूस स्वस्त वाटला, ही चीड आणणारी गोष्ट आहे. पण भारतीय कंपनीलाही तो तितकाच स्वस्त वाटत असेल तर तिला ‘आपली’ कोणत्या तोंडाने म्हणायचे?

त्यानंतर प्राध्यापक चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने हजारो मिश्रणांची छाननी केली आणि १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली. कंपन्या न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. मुद्दा औषधांच्या गुणावगुणांचा नव्हता, सरकारने कोणाचा सल्ला घेतला आणि कोणाचा नाही, याचा होता. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणी सांगितली. मुंबईच्या नामवंत औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या समितीने पुन्हा सारे तपासले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवरची बंदी कायम झाली. म्हणजे दोन समित्या, दोन न्यायालये, अडीच वर्षे. आणि त्या मधल्या काळात गोळ्या विकल्याच जात होत्या. जून २०२३ मध्ये आणखी १४ गेली. त्यांत निमेसुलाइड आणि पॅरासिटामॉल यांची विरघळणारी गोळी होती. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासूनच वर्ज्य ठरले होते. मग २०२४ चे १५६.

या हट्टामागे अर्थकारण आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक यादीतील औषधांच्या कमाल किमती सरकार ठरवू लागले. पण यादीतल्या औषधाला यादीबाहेरचा एखादा घटक जोडला की ते मिश्रण त्या कमाल किमतीच्या कक्षेबाहेर जाते. मग कंपनी दरवर्षी किंमत दहा टक्क्यांपर्यंत वाढवणार. जोडलेल्या घटकाचा रुग्णाला उपयोग आहे की नाही, हा प्रश्न गौण. शिवाय त्याच नावापुढे ‘प्लस’, ‘फोर्ट’, ‘कोल्ड’ अशी शेपटे लावून पाच वेगवेगळी औषधे विकता येतात. प्रतिनिधी डॉक्टरांच्या दारात उभा असतो, आणि निदान करायला वेळ नसलेल्या डॉक्टरांना ‘सगळ्यावर चालणारी’ गोळी सोयीची वाटते. आपल्या विचारांचे, सेवाभावी म्हणवणारे डॉक्टरही याला अपवाद नाहीत, हे कटू असले तरी लिहावे लागते.

यावर काही जण आयुर्वेदाचा दाखला देतात. आपल्याकडे त्रिफळा, त्रिकटू, दशमूळ. मग अनेक द्रव्ये एकत्र करण्यात वाईट ते काय? हा दाखला देणाऱ्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसावा अध्याय वाचलेला नसावा. तिथे विरुद्ध संयोगांची चर्चा विस्ताराने आहे. मध आणि तूप ही दोन्ही उत्तम द्रव्ये समप्रमाणात एकत्र केली तर अहितकर मानली आहेत. संयोगाने गुण बदलतात, म्हणून संयोग विचारपूर्वक करावा, ही आपली परंपरा. वाटेल ते एकत्र कुटण्याला तिचा आधार नाही.

घरातल्या ज्येष्ठांना या मिश्रणांचा वेगळाच जाच होतो. मधुमेहाची तीन औषधे एका गोळीत असली की लक्षात ठेवायला सोपे जाते, हे मान्य. रक्तदाबाच्या काही जोडण्या जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अत्यावश्यक यादीत घेतल्या, त्या याच कारणाने आणि पुराव्यानिशी. पण आजोबांचे जेवण कमी झाले, मूत्रपिंडे मंदावली, साखर एकदम खाली येऊ लागली, तर त्या तिघांतील ग्लिमेपिराइड तेवढे कमी करायचे कसे? गोळी अर्धी केली तर तिन्ही अर्धी होतात. अंगावर पुरळ उठले तर कोणामुळे उठले, हेही कळत नाही. पॅरासिटामॉल तर तापाच्या गोळीत, सर्दीच्या गोळीत आणि सांधेदुखीच्या गोळीत तिन्हीकडे लपलेले असते. तीन निरनिराळ्या नावांनी एकच औषध तिप्पट पोटात जाते आणि यकृत त्याचा हिशेब ठेवते. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत असते ते दुकानाचे नाव. खाली बारीक अक्षरांत छापलेले असते ते औषध. चष्मा लावून ते बारीक अक्षर वाचणे आणि ‘यातील प्रत्येक घटक मला कशासाठी?’ असे डॉक्टरांना विचारणे, यात अनादर काही नाही. मात्र ज्येष्ठांची चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

परंतु घराघरांतील सावधगिरीवर हा प्रश्न सोडून सरकारला मोकळे करता येणार नाही. दर काही वर्षांनी यादी काढून फांद्या छाटायच्या आणि मूळ तसेच ठेवायचे, हा उपाय नव्हे. सिद्धतेचे ओझे कंपनीवर हवे: पुरावा नाही तर परवाना नाही, आणि न्यायालयात वाद चालू आहे तोवर विक्रीही नाही. केंद्राच्या मान्यतेशिवाय परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव जाहीर व्हावे. बंदी आलेल्या औषधाचा साठा किती होता आणि त्याचे काय झाले, हे लोकांना कळावे. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हे प्रश्न विचारायचे नाहीत, असे कोणी सुचवू नये. २०१६ ची आणि २०२४ ची बंदी याच सरकारने घातली, त्याचे श्रेय त्याला आहेच. म्हणून तर पुढची अपेक्षाही त्याच्याकडूनच आहे.

कारण फट अजून बुजलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सर्व राज्यांना पत्र पाठवून ३५ मिश्रणांची यादी दिली. केंद्राची मान्यता नसतानाही राज्यांकडून परवाने मिळालेली ही मिश्रणे. १९८८ चा नियम, २०१२ चा अहवाल आणि तीन मोठ्या बंद्या यांच्यानंतरची ही स्थिती. त्या ३५ मिश्रणांपैकी कितींच्या परवान्यांवर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा शिक्का आहे, कितींचे परवाने रद्द झाले आणि त्यांवर सही करणारे अधिकारी आज कोणत्या पदावर आहेत? विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात हा तारांकित प्रश्न कोणता आमदार विचारणार, हे आपापल्या मतदारसंघात जाऊन विचारायला कार्यकर्त्यांना कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.